पुतळ्यास हार, मास्तरास भार!

दरवर्षीं २२ सप्टेंबर उजाडला कीं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या तसबिरीस हार पडतात व पुढारी मंडळींच्या वाणीस पूर येतो. आम्ही खेड्यांतले मास्तर. पोरांच्या रांगा लावण्यापुरतेंच आम्हांस बोलावणें असतें. म्हणून आज चार शब्द स्पष्ट लिहिणें भाग आहे.

भाऊरावांनीं १९१९ त काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ त साताऱ्यास बोर्डिंग उघडलें, सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. त्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्रसुद्धां मोडलें. हें सारें भाषणांत येतें. गाळलें जातें तें एवढेंच कीं, १९३५ त भाऊरावांनीं साताऱ्यास मास्तर तयार करणारें ट्रेनिंग कॉलेज काढलें. त्यांचें तेथील हायस्कूल १९४० चें, शिवाजी कॉलेज १९४७ चें. म्हणजे आधीं मास्तर, मग बाकीचें!

हा क्रम उगाच नव्हता. जोतीराव फुल्यांनीं १८८२ त हंटर कमिशनास बजावलें होतें कीं, प्राथमिक शाळांचे मास्तर बहुतेक ब्राह्मण आहेत. ते शक्य तोंवर शेतकरी वर्गांतून ट्रेनिंग देऊन तयार करावे. नांगराची मूठ धरण्यास त्यांना लाज वाटूं नये. आणि अशा मास्तरास दरमहा १२ रुपयांहून कमी पगार नसावा. जोतीरावांनीं मागितलें, तें भाऊरावांनीं करून दाखविलें.

आणि आपण काय केलें? सन २००० त सरकारनें ‘शिक्षणसेवक’ हें गोंडस नांव शोधून ट्रेनिंग झालेल्या मास्तरास तीन वर्षें मानधनावर राबविण्याची चाल पाडली. सेवकच तो, त्यास पुरा पगार कशाला? पुढें गल्लोगल्लीं डी. एड. चीं दुकानें निघालीं. कुणब्यानें वावर गहाण टाकून पोराची फी भरली, आणि २०१२ त भरती थांबली ती वर्षानुवर्षें. पोरगें मजुरीस लागलें. दुकानदार ‘शिक्षणमहर्षि’ झाले. येथें भटजीच्या नांवानें बोटें मोडून सुटतां येणार नाहीं. यांतलीं कितीएक दुकानें बहुजनांच्याच पुढाऱ्यांचीं होतीं!

आम्ही नोकरींत आहों ते तरी शिकवितों कितीसे? एका मास्तराच्या गळ्यांत दोन दोन इयत्ता. वर खिचडीचा हिशेब, मतदारांच्या याद्या, रोजची माहिती. ज्याचा पैसा आहे त्याचें पोर तालुक्याला जातें. मागें राहतें तें ऊसतोड्याचें आणि शेतमजुराचें. ज्याच्यासाठीं भाऊराव अनवाणी फिरले, तें हेंच पोर.

बंधूंनो, पुढल्या जयंतीस हार घेऊन येणाऱ्या पुढाऱ्यास भर सभेंत विचारा: साहेब, आपल्या तालुक्यांत मास्तरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि त्या कधीं भरणार? उत्तर नसेल तर हार परत घेऊन जा म्हणावें. पुतळा हारावांचून उभा राहील. शाळा मास्तरावांचून राहणार नाहीं.

— एक खेड्यांतला मास्तर