पेमेंट ‘सक्सेसफुल’, पण पैसे आपले कधी?

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेशातून येणाऱ्या पैशाची वाट बघणं नवं नाही. आखातातून ड्राफ्ट यायचा, काहींची हुंडी यायची. आज तळोजा, नेरूळ, कोपरखैरण्यात घरी बसून आपली मुलं-मुली अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. घरभाडं, भावंडांची फी त्यावरच असते. मग घरचे विचारतात, यूपीआयने भाजीवाल्याला सेकंदात पैसे जातात, तुझेच का अडकतात?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्यात आपल्या खात्यात रक्कम लगेच जमा होते. बँका आपसातला हिशोब दिवसातून अनेकदा, रिझर्व्ह बँकेमार्फत नंतर मिटवतात. थांबण्याचा भार बँका उचलतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. परदेशी पैशाचं तसं नाही. ग्राहकाची बँक, मधली बँक, मग आपली बँक, डॉलरचे रुपये आणि पैसे कशाचे ते सांगणारा ‘पर्पज कोड’. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो, थोडी कापणीही होते. कार्डाने आलेलं पेमेंट तर ग्राहकाने वाद घातला की काही आठवड्यांनीही उलटू शकतं.

इथेच शॉर्टकट खुणावतो. ‘यूएसडीटी घे, ॲपवर वीक, दहा मिनिटांत यूपीआयवर पैसे.’ ही नवी हुंडीच. विकत घेणारा अनोळखी असतो. त्याने पाठवलेले पैसे ऑनलाइन फसवणुकीतले निघाले, तर १९३० वर आलेल्या तक्रारीचा माग खात्या-खात्यातून आपल्यापर्यंत पोहोचतो. तक्रार दुसऱ्या राज्यात, खातं गोठतं तळोज्यात. मेहनत हलाल असूनही महिन्याचं रेशन अडतं, आणि पैसे कामाचेच आहेत हे सिद्ध करायला कागद नसतो. शिवाय क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहेच.

सरळ रस्ता आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पेमेंट हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले. तेव्हा कंपनी निवडताना तिला ही परवानगी आहे का, ते आधी बघा. प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला मागून ठेवा. आयकर, जीएसटी दोन्हीकडे तो लागतो. काही रक्कम ॲडव्हान्स घ्या, उरलेली टप्प्याटप्प्याने. आणि घरातल्यांनीही ‘पाठवले’ आणि ‘जमा झाले’ यातला फरक समजून घ्यावा. खर्च ठरवायचा तो जमा झालेल्या रकमेवर.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. आपण ती लग्नाच्या उधारीत आठवतो, कॉम्प्युटरसमोर विसरतो. चार दिवस उशिरा आलेले पण कागद असलेले पैसे घराला सांभाळतात. दहा मिनिटांत आलेल्यांची खात्री कुणी द्यायची?