औंढ्याची भिंत

गतमासीं आम्ही आप्तेष्टांसह एका यात्रासंघाबरोबर औंढा नागनाथास गेलों. हिंगोली जिल्ह्यांतील या ज्योतिर्लिंगाचें गर्भगृह लहान व जमिनीखालीं. वांकून उतरावें लागतें. मार्गदर्शकानें दर्शन उरकविलें, नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरल्याची कथा सांगितली, आणि 'चला, गाडी सुटते' म्हणून सर्वांस बाहेर काढिलें. आमच्या ज्येष्ठ वहिनी पंच्याहत्तरीच्या. वर आल्यावर त्यांस दम खाऊं दिला नाहीं.

कथा गोडच आहे. आम्हींही ती शाळेंत मुलांस सांगत असूं. परंतु भिंती कोणीं पाहावयाच्या? खालचा भाग कोरीव काळ्या पाषाणाचा, यादवकालीन समजला जाणारा; वरचें शिखर मागाहून बांधलेलें. दोन काळ एकावर एक उभे आहेत. आमच्या नातीनें 'खालीं काळें, वर पांढरें कां?' असें विचारिलेंही होतें. उत्तर मिळालें नाहीं. बोटानें दाखवावयास पांच मिनिटें पुरतीं.

नरसीस तोच प्रकार. परंपरेनें हें नामदेवांचें जन्मस्थान. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांत आहेत. पंजाबांतील घुमान येथें त्यांचें स्थान असून २०१५ सालीं तेथें मराठी साहित्यसंमेलन भरलें होतें. यांतलें एक अक्षर कोणी बोललें नाहीं. आम्हींच गाडींत सांगूं लागलों, तों चित्रपटगीतें सुरू झालीं!

पुढील खेपेस घरचींच माणसें घेऊन जाणार आहों. भिंतीसाठीं सबंध सकाळ राखिली आहे. वहिनींनीं येण्याचें कबूल केलें; मात्र पायऱ्या एकदांच उतरेन, म्हणाल्या.