जोडी पुरेशी नाही

व्यंगचित्रपटांतील तुमची आवडती जोडी कोणती, असा प्रश्न वर्गात विचारून पाहा. कोणी मिकी-मिनी म्हणेल, कोणी सिंबा-नाला, तर कोणी 'रिओ' चित्रपटातील ब्लू आणि ज्युएल. या जोड्या आवडण्यात वावगे काहीच नाही. परंतु त्या पाहता पाहता आपल्या मनात एक समजूत घर करून बसते. नर आणि मादी एकत्र आली, की त्या जातीची वंशवेल सुरक्षित झाली, ही ती समजूत होय. माझ्या मते ती चुकीची आहे, आणि घातकही आहे.

'रिओ' हा चित्रपट २०११ मध्ये आला. त्यात निळ्या मकाव पोपटांच्या जातीचा शेवटचा नर आणि एक मादी यांची गाठ पडते आणि शेवटी त्यांना पिल्ले होतात. आता खरी हकिगत ऐका. ब्राझीलमधील या जातीचा रानात उरलेला एकच नर १९९० मध्ये आढळला. त्याने दुसऱ्याच जातीच्या मकाव मादीशी जोडी जमवली होती! १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी पिंजऱ्यात ठेवलेली त्याच्याच जातीची मादी त्या भागात सोडली. काही आठवड्यांतच ती नाहीशी झाली. २००० नंतर तो नरही कोणाला दिसला नाही.

पुढे बंदिवासातील मोजक्या पक्ष्यांची संख्या अनेक वर्षे खपून वाढवण्यात आली. जून २०२२ मध्ये ८ पक्षी रानात सोडले, तेव्हा सोबतीला दुसऱ्या जातीचे ८ मकाव सोडण्यात आले. रानातले अन्न, रानातले शत्रू यांची ओळख पटण्यास सोबत लागते. शिवाय एकाच जोडीची पिल्ले म्हणजे सारी भावंडे. त्यांच्यातच पुढची पिढी झाली, तर लपलेले आनुवंशिक दोष एकत्र येऊन उघड होतात. म्हणून दोन पक्षी ही सुरुवात होऊ शकते, पण ती हमी नव्हे.

ब्राझील दूर राहिले. हाच धडा नवी मुंबईतील मुलांना घराजवळ शिकता येतो. हिवाळा सुरू झाला, की ठाणे खाडीत हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येऊ लागतात. ते येथे अंडी घालीत नाहीत, येथे ते खाऊन-पिऊन पुष्ट होतात. पश्चिम भारतातील त्यांची वीण मुख्यतः कच्छच्या रणात होते. आता यांची जोडी कशी जमते ते पाहा. शेकडो पक्षी एकत्र येतात, माना ताठ करून डोकी डावी-उजवीकडे हलवतात, पंख झटकन उघडतात आणि एका ठेक्यात चालतात. या सामूहिक नृत्यातून सारा थवा एकाच सुमारास विणीस तयार होतो. थवा लहान असेल, तर पुष्कळदा वीण होतच नाही. म्हणून काही प्राणिसंग्रहालयांत मोठे आरसे लावून थवा मोठा असल्याचा भास निर्माण करतात! जोडी जमल्यावर मादी चिखलाच्या उंचवट्यावर एकच अंडे घालते आणि ते दोघेही आळीपाळीने उबवतात.

तात्पर्य, रोहिताची जोडी थव्यावर अवलंबून, आणि थवा पाण्यावर. ओहोटीच्या वेळी हे पक्षी खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला, की ते नेरूळ-सीवूड्स भागातील उथळ तळ्यांवर विसाव्यास येतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळे सुकले आणि त्या परिसरात काही रोहित मृत्युमुखी पडले. २०२५ मध्ये राज्य शासनाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट आहे.

काहीजण म्हणतात, "एखादे तळे गेले म्हणून काय झाले? पक्ष्यांना पंख आहेत, ते जातील दुसरीकडे." शहराला घरे हवीत, रस्ते हवेत, हे मलाही मान्य आहे. परंतु दुसरीकडे म्हणजे कोठे? भरतीच्या वेळी उथळ राहणारे पाणी सगळीकडे नसते. विसाव्याच्या जागा तुटल्या, तर थवे विखुरतील, आणि विखुरलेला थवा पुढे वीण करीलच असे नाही.

तेव्हा शिक्षकांना माझी सूचना अशी आहे. आवडत्या जोड्यांची चर्चा वर्गात जरूर होऊ द्या. मात्र प्रत्येक जोडीपुढे दोन प्रश्न फळ्यावर लिहा : या प्राण्याला किती सोबती लागतात? त्याला कोणती जागा लागते? आणि नवी मुंबईतील विद्यार्थ्यांनो, तुम्ही भरती-ओहोटीचे कोष्टक घेऊन एका रविवारी तळ्याकाठी जा. कोणत्या वेळी किती पक्षी येतात, पाणी आत येण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे वहीत टिपा. अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर तळे वाचवू पाहणाऱ्यांच्या हाती भक्कम पुरावा राहील.