नंबर बरोबर, चप्पल चूक

चपलेच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर?" आपण सहा नाहीतर सात म्हणतो आणि माळ्यावरून खोकी उतरू लागतात. हा नंबर फक्त लांबी सांगतो. पाऊल रुंद किती, हे दुकानात कुणी विचारत नाही, खोक्यावर सहसा छापलेलं नसतं आणि आपल्यालाही ठाऊक नसतं. बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, त्यांचं घोडं मात्र नेमकं तिथेच अडतं.

डॉक्टर याला बनियन म्हणतात, घरात म्हणतात, "हाड वाढलंय." पण ते सहसा नव्याने वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलट शेजारच्या बोटावर रेलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. त्यावर चपलेचा पट्टा घासत राहिला की तिथे लाली, सूज, ठणका. जोडवी घालणाऱ्या बायकांना आणखी एक जाच: कलंडलेला अंगठा नेमका जोडव्यावर दाबला जातो. अशा वेळी जोडवी काही दिवस काढून ठेवली तर घरच्यांनी भुवया उंचावू नयेत.

पायाची ठेवण बऱ्याचदा घराण्यातून येते, त्यामुळे सगळा दोष चपलेला देता येणार नाही. तरी चपलेचा वाटा किती असू शकतो याचा एक पुरावा इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जुन्या दफनभूमींत सापडला. मध्ययुगीन सांगाड्यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या ६ टक्के लोकांचे अंगठे असे वाकडे होते. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या सांगाड्यांत हेच प्रमाण २७ टक्के. मधल्या काळात तिथे लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. धर्मगुरूही त्यातून सुटले नव्हते.

आता दुकानदाराचे दोन ठरलेले तोडगे. पहिला, "वापरून सैल होईल, ताई." खरं चामडं थोडं सैलावतं, रेक्झिन फारसं सैलावत नाही, ते तुमच्याच हाडावर आपला राग काढतं. दुसरा तोडगा अधिक फसवा: "एक नंबर वरचा घ्या." वरच्या नंबरात रुंदी किंचित वाढते, लांबी मात्र चांगलीच वाढते. मग बूट जिथे सर्वांत रुंद असतो आणि जिथे वाकतो ती जागा पावलाच्या रुंद भागाच्या पुढे जाते. टाच मागे निसटते, चप्पल पायात राहावी म्हणून बोटं तळ धरून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्याही भरून येतात. अंगठ्याचं दुखणं राहिलंच.

त्यापेक्षा खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. निघण्यापूर्वी घरी जाड कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घ्या. बसून काढू नका. अंगाचा भार आल्यावर पाऊल पसरतं. तो कागद कापून बुटाच्या तळाशी लावून बघा. कागद बाहेर डोकावत असेल तर बूट पायात घालण्याचेही कष्ट नकोत. दुकानदार हसेल, हसू दे. मग हाताने चाचपा: वाढलेल्या सांध्यावर शिवण, बक्कल किंवा पट्ट्याची कड येते का? पुढचा भाग गोल आणि उंच आहे का? टाच जमेल तितकी बुटकी हवी, कारण उंच टाचेत सगळा भार पुढच्या सांध्यांवर ओतला जातो. मागे पट्टा असला तर बोटांची धरपकड थांबते. घट्ट बुटात जेलची गादी सरकवणं हा तर शुद्ध आत्मघात. आधीच जागा नाही, त्यात पाहुणा. बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या पाचरींनी घासणं कमी होतं, अंगठा कायमचा सरळ होत नाही.

बायकांनी पुरुषांच्या विभागात जायला लाजू नये. त्याच लांबीचा पुरुषी बूट सहसा रुंद असतो. बाईचं पाऊल पुढे निमुळतं होत जातं असा समज बूट बनवणाऱ्यांनी कुठून करून घेतला, कोण जाणे.

कोल्हापुरीबद्दल मला हमखास विचारतात. सपाट तळ आणि उघडी बोटं या तिच्या जमेच्या बाजू. पण अंगठा अडकवायची ती चामड्याची कडी कलंडलेल्या अंगठ्याला जाचते, आणि नव्या कोऱ्या जोडाच्या पट्ट्याची कड नेमकी हाडावर बसली तर पहिल्याच आठवड्यात फोड येतो. तयार जोड उचलण्याऐवजी कारागिराकडून मापाने करून घ्या. कागद दाखवा, पट्टा थोडा मागे घ्यायला सांगा, कडी सैल ठेवायला सांगा. हाताने बनणाऱ्या वस्तूची ही सोय मॉलमध्ये मिळत नाही.

'डॉक्टर चप्पल' या नावाने मिळणारा मऊ जोड टाचेला सुखावतो, पण पट्टा अरुंद असेल तर अंगठ्याला त्याचा उपयोग शून्य. मधुमेहींनी जास्त जपावं. बधिर पायाला घासलेलं कळत नाही, जखम दिसेपर्यंत उशीर होतो. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या रबराचा मऊ तळ आणि सैल करता येणारे वेल्क्रोचे पट्टे बरे, आणि रोज रात्री पाय उजेडात बघणं.

हे सगळं ग्राहकाच्या गळ्यात का मारायचं, हा माझा मूळ मुद्दा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहे, असं त्यातून दिसलं. 'भा' नावाची देशी मापपद्धत त्यावरून सुचवली गेली. नवी मापं जरूर आणा, पण खोक्यावर लांबीशेजारी रुंदीचाही आकडा छापा. परदेशांत काही कंपन्या एकाच लांबीचे बूट वेगवेगळ्या रुंदीत विकतात, तेव्हा हे जमणारं काम आहे. दुकानदाराला जास्त माल ठेवावा लागेल हे खरं. आज तो न खपलेले अरुंद जोड सेलमध्ये काढतोच आहे.