भोक एक, तऱ्हा दोन

मुलांनो, आज घरात एक उद्योग करून पाहा. सरबत प्यायची नळी घ्या आणि तिच्या वरच्या बाजूला टाचणीने एक भोक पाडा. भोक सरबताच्या वर राहील असं बघा. आता ओढा! सरबत कमी आणि हवाच जास्त तोंडात येते की नाही? मग नळी बाहेर काढा, खालचं टोक बोटाने बंद करा आणि जोरात फुंका. दुसऱ्या हाताचं ओलं बोट भोकापाशी न्या. गार वारा लागेल.

ओढलं तर हवा आत, फुंकलं तर हवा बाहेर. भोक मात्र तेच! टर्बो बसवलेल्या मोटारीच्या एका फसव्या आजाराचं कोडं या नळीत आहे.

पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. पण किती? १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! पेट्रोल किती सोडायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्यासाठी आत किती हवा आली हे त्याला कळायला हवं. म्हणून पुष्कळ गाड्यांत एअर फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारं मीटर असतं. मीटरपुढे टर्बो, मग हवा थंड करणारा इंटरकूलर, मग थ्रॉटलची झडप, मग मॅनिफोल्ड आणि शेवटी इंजिन. सगळी वाट रबरी आणि धातूच्या नळ्यांची.

आता आपली शाळा डोळ्यांपुढे आणा. फाटकात उभे राहून गुरुजी मुलं मोजतात आणि तेवढ्याच मुलांची खिचडी शिजते. पण मागच्या कुंपणाला भगदाड आहे आणि तिथून दहा-बारा पोरं न मोजता आत येतात. काय होईल? खिचडी कमी पडणार, काहीजण उपाशी राहणार. पंगत उठल्यावर एक बाई फिरून पाहतात, कुणी भुकेलं राहिलं का. त्या स्वयंपाकघरात निरोप देतात, "आज कमी पडलं हो!" स्वयंपाकीण लगेच थोडं वाढवते. रोजच कमी पडू लागलं तर ती मनाशी ठरवून टाकते, की गुरुजी शंभर म्हणाले की आपण एकशे पंधरांचं शिजवायचं.

मुलं म्हणजे हवा आणि खिचडी म्हणजे पेट्रोल. पंगत पाहणाऱ्या बाई म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. जळून उरलेल्या धुरात ऑक्सिजन किती शिल्लक राहिला हे तो पाहतो. १९७६ साली व्होल्व्होच्या मोटारीत तो प्रथम आला. आणि स्वयंपाकिणीने स्वतःच वाढवलेलं किंवा घटवलेलं प्रमाण म्हणजे 'फ्युएल ट्रिम'. लगेच केलेला फरक तो शॉर्ट टर्म, अंगवळणी पडलेला तो लाँग टर्म. गॅरेजमधला स्कॅनर जोडला की हे आकडे टक्क्यांत दिसतात. शून्याच्या आसपास, फार तर पाच इकडे-तिकडे असले तर सगळं ठीक. अधिक दहा-पंधराच्या पुढे गेले, तर कुठून तरी न मोजलेली हवा येतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. वजा दहा-पंधरा झाले, तर पेट्रोल जास्त होतंय.

थोडं गणित करू. समजा, गाडी उभी आहे आणि इंजिन निवांत फिरतंय. मीटर सेकंदाला ३ ग्रॅम हवा मोजतंय आणि थ्रॉटलच्या पुढच्या चिरेतून आणखी अर्धा ग्रॅम चोरून येतेय. अर्धा भागिले तीन, म्हणजे संगणकाला पेट्रोल जवळजवळ १७ टक्के वाढवावं लागणार! आता गाडी रस्त्यावर धावतेय आणि मीटर २५ ग्रॅम मोजतंय. तोच अर्धा ग्रॅम आता फक्त २ टक्के. खरं तर त्याहूनही कमी, कारण थ्रॉटल उघडली की आतली ओढही कमी होते. म्हणून उभ्या गाडीत अधिक १७ आणि धावताना अधिक २ दिसलं, की शहाणा मेकॅनिक थ्रॉटलच्या पुढची चीर शोधायला लागतो.

टर्बो नसता तर गोष्ट इथेच संपली असती. पण टर्बो फुंकतो ना! इंजिन निवांत असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच दाब असतो, म्हणजे नळी ओढतेय. जोर मारला की टर्बो तोच दाब बाहेरच्या दीडपट-दुप्पट करतो. आता नळी फुंकतेय! कुंपणाच्या त्याच भगदाडातून मोजलेली पोरं बाहेर पळतात आणि खिचडी उरते. सकाळी अधिक दाखवणारं भोक घाटात वजा दाखवतं. मेकॅनिकने एकच आकडा पाहिला तर तो गोंधळणारच.

भोक कुठे आहे यावरही सोंग बदलतं. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधली नळी फाटली असेल, तर उभ्या गाडीत काहीच कळत नाही. चढावर मात्र फुस्स आवाज येतो, ताकद जाते आणि काळा धूर निघतो. मीटर आणि टर्बो यांच्यामध्ये चीर असेल तर तिथे नेहमी ओढच असते. जोर मारावा तशी न मोजलेली हवा जास्त घुसते. मला हा प्रकार सगळ्यांत वाईट वाटतो. एक तर ती हवा फिल्टरमधून गाळलेली नसते आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर धूळ आदळते. दुसरं, भर जोरात पेट्रोल कमी पडलं तर इंजिन ठोके देऊ लागतं आणि पिस्टनला इजा होऊ शकते.

फोक्सवॅगन गटाचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन याचं चांगलं उदाहरण. ते १९९५ च्या सुमारास ऑडी ए४ मध्ये आलं, आपल्याकडच्या जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमध्येही तेच होतं. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत ओढून घेणाऱ्या त्याच्या रबरी नळ्या उष्णतेने आणि तेलाने मऊ पडतात, मग चिरतात. त्यांतली एकेरी झडप बिघडली तर टर्बोची हवा थेट इंजिनाच्या पोटात शिरते. या गाड्यांत स्कॅनरच्या ३२ नंबरच्या खान्यात दोन आकडे शेजारी शेजारी येतात, एक उभ्या गाडीचा, एक धावत्या गाडीचा. किती सोय!

आता पैशाची गोष्ट. डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा दिवा लागतो आणि स्कॅनर 'पी ०१७१' म्हणतो. याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पण ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केलेली असते, म्हणून पुष्कळदा तोच बदलला जातो. काही हजार रुपये जातात आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. भूक लागल्याचं सांगणाऱ्या बाईंचीच बदली केल्यासारखं झालं की!

चीर नक्की कुठे आहे? सोपा उपाय म्हणजे धूर. इंजिन बंद ठेवून नळ्यांमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथून तो डोकावेल तिथे चीर. (हे काम गॅरेजमधल्या काकांचं बरं का! फिरता पट्टा आणि तापलेला टर्बो यांच्याजवळ तुम्ही हात न्यायचा नाही.) धूर कुठूनच आला नाही, तर मग मळलेलं मीटर, दमलेला पेट्रोल पंप यांच्याकडे वळायचं. या दोन्हींत आकडा जोर मारताना जास्त वाढतो.

हल्लीच्या बऱ्याच छोट्या टर्बो गाड्यांत हवेचं मीटर नसतंच. त्या मॅनिफोल्डमधला दाब पाहून हवेचा अंदाज करतात. तिथे थ्रॉटलच्या पुढे चीर पडली तर संगणकाला वाढलेला दाब दिसतो आणि तो पेट्रोलही तसंच वाढवतो. ट्रिम फारसं हलत नाही, पण उभी गाडी उगाच जोरात फिरू लागते. तेव्हा आकडे वाचण्याआधी मीटर आहे का, हे विचारायचं.

आणि चीर बुजवली तरी स्वयंपाकिणीची सवय एकदम मोडत नाही! तिच्या डोक्यात अजून एकशे पंधराच असतात. म्हणून मेकॅनिक संगणकातला जुना आकडा पुसतो, गाडी उभी ठेवून पाहतो, रस्त्यावर नेऊन पाहतो आणि चढावर जोर मारूनही पाहतो. तिन्ही वेळा काटा शून्याजवळ आला, की मगच तो बॉनेट लावतो.