दुधाची गाठ!

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे म्हणून कुणी नाक मुरडील, तर खुशाल मुरडावे! गरोदर बाईच्या स्तनात गाठ लागली की 'दुधाची असेल' म्हणून सारे मोकळे होतात. मी म्हणते, दोन आठवड्यांत न विरणारी गाठ तपासलीच पाहिजे. सोनोग्राफीने पोटातल्या जिवाला अपाय होत नाही. कर्करोग निघालाच, तर शस्त्रक्रिया गरोदरपणीही होते. काही औषधे चौथ्या महिन्यापासून देता येतात. किरणोपचार तेवढे बाळंतपणानंतर. गर्भ पाडल्याने आई वाचते, हा निव्वळ भ्रम! परळला १९४१ पासून टाटा रुग्णालय उभे आहे. पण जव्हारकडच्या साखरशेतची बाई तिथवर पोचायची, तर आधी कुणीतरी ती गाठ पाहायला हवी. पोट तपासता ना? मग स्तनही तपासा!