चालतंय ना, मग झालं?

"तू नक्की काय करतोस रे?" हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी विचारून झालाय, म्हणून आज एकदाच लिहून टाकतो.

जीस्ट्रीमर नावाची एक मुक्त प्रणाली आहे, १९९९ पासूनची. आवाज आणि चित्रं हाताळणारी. कल्पना अगदी नळजोडणीची. एक तुकडा फाइल वाचतो, दुसरा त्यातला आवाज उलगडतो, तिसरा तो स्पीकरला देतो. हे तुकडे प्लगइनमधून येतात आणि ती प्लगइन्स माझ्यासारखे लोक लिहितात. गंमत म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा असेल तर मूळ काम एका गुणाकाराचं! बाकीच्या ओळी जातात त्या 'मी काय घेईन आणि काय देईन' हे आधीच कबूल करण्यात. दोन तुकड्यांचं जुळलं तरच जोड बसते.

ही प्लगइन्स वेगवेगळ्या गठ्ठ्यांत मिळतात. त्यांतल्या तिघांची नावं गुड, बॅड आणि अग्ली. सर्जिओ लिओनीच्या १९६६च्या सिनेमावरून! 'अग्ली' म्हणजे काम उत्तम, पण पेटंट किंवा परवान्याची भानगड. एमपीथ्री कित्येक वर्षं तिथेच होतं. पेटंटं संपली आणि २०१८च्या १.१४ आवृत्तीत ते 'गुड'मध्ये आलं.

'बॅड' मात्र वेगळं. तिथलं प्लगइन चालत नाही असं नाही. पण कुठे नीट तपासणी झालेली नसते, कुठे माहिती लिहिलेली नसते, कुठे चाचण्या नसतात, तर कुठे सांभाळणारंच कुणी नसतं.

मला हा शेवटचा निकष फार आवडतो. आपल्याकडे "चालतंय ना, मग झालं!" म्हटलं की विषय संपतो. माझ्या मते तिथून तो सुरू होतो. लिहिणारा हौशीने लिहितो नि निघून जातो. पुढची आवृत्ती आली की निस्तरतो दुसराच कुणीतरी.

जुन्या कॅसेटींची खरखर कमी करणारं एक प्लगइन मी लिहिलंय. मित्र म्हणतात, देऊन टाक सगळ्यांना. अजून दिलेलं नाही. पुढची दोन-तीन वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं देईन, असा शब्द आज मला देता येत नाही. स्वतःच्या फोल्डरमधून ते चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा तूर्त ते घरच्यापुरतंच.

असो. मामा, तुमच्या लग्नाची कॅसेट पाठवा!